‘डूलॅली टॅप’ : देवळालीच्या छावणीतून इंग्रजीत गेलेला एक वाक्प्रचार

इंग्लंडातील घरगुती बोलण्यात एखाद्या माणसाची बुद्धी ठिकाणावर नाही असे थट्टेने सुचवावयाचे असले म्हणजे तो ‘डूलॅली’ झाला आहे असे म्हणतात. शब्द अनौपचारिक आहे. न्यायालयाच्या निकालपत्रात किंवा वैद्याच्या प्रमाणपत्रात तो येणार नाही. स्वयंपाकघरात, मद्यगृहात, फार तर वृत्तपत्राच्या हलक्याफुलक्या सदरात तो भेटतो. अटलांटिकपलीकडे, अमेरिकेत, तो फारसा रुजला नाही. व्याकरणदृष्ट्या तो विशेषण आहे खरा. पण ‘डूलॅली मनुष्य’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘मनुष्य डूलॅली झाला’ अशी विधेयाची जागाच त्याला मानवते आणि त्याचे नेहमीचे क्रियापद म्हणजे ‘गो’. हा मनुष्य मूळचा वेडा नव्हे, कालपरवापर्यंत तो ठीक होता, मध्येच काहीतरी घडून बिघडला, अशी छटा त्या क्रियापदामुळे येते. ही छटा पुढील विवेचनात उपयोगी पडणार असल्यामुळे ती आरंभीच नोंदवून ठेवतो.

जुन्या गोऱ्या शिपायांच्या तोंडी हा शब्द एकटा नव्हता. ‘डूलॅली टॅप’ असे त्याचे पूर्ण रूप होते आणि ते एखाद्या रोगाच्या नावाप्रमाणे वापरले जाई : अमक्याला डूलॅली टॅप जडला आहे. यातील ‘डूलॅली’ म्हणजे नाशिकजवळची देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे ताप, याविषयी कोशकारांत मतभेद नाही. मतभेद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी. देवळालीचा आणि वेडाचा संबंध आला कोठून? याची तीन उत्तरे प्रचलित आहेत. देवळालीस सैनिकांसाठी वेड्यांचे इस्पितळ होते, हे पहिले. हिंदुस्थानचे ऊन गोऱ्या माणसाच्या डोक्यास मानवले नाही, हे दुसरे. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनेच्या महिने काढावे लागत आणि त्या रिकामपणाने माणसे बिघडत, हे तिसरे. प्रस्तुत लेखकाच्या मते तिसरेच उत्तर ग्राह्य आहे. कोणते उत्तर स्वीकारावे हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. पहिल्या दोन उत्तरांत दोष गावाकडे अथवा देशाच्या हवेकडे जातो. तिसऱ्यात तो सैन्याच्या व्यवस्थेकडे येतो.

प्रथम शब्दाकडे वळू. देवळाली या नावात ‘देऊळ’ स्पष्ट दिसते आणि राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा पाहता असे नाव एकट्या नाशिककडचे नाही. इंग्रजांनी ते ‘देओलाली’ असे लिहिले तेव्हाच त्यातील ‘ळ’ गेला, कारण इंग्रजी वर्णमालेत त्याला जागा नाही. शिपायांच्या तोंडी पहिल्या दोन स्वरांचा मिळून एक ‘डू’ झाला, आघात मधल्या अक्षरावर आला आणि दीर्घ ‘ला’ चा ‘लॅ’ झाला. आता ‘टॅप’ पाहा. इंग्रजी कोशांत त्याचे मूळ उर्दू ‘तप’ असे देऊन ते फारसी व संस्कृत ‘ताप’ यांशी जोडण्याचा प्रघात आहे. येथे एक शंका घेण्यास जागा आहे. ऱ्हस्व ‘अ’ असलेला हिंदुस्थानी शब्द इंग्रजीत जातो तेव्हा तो स्वर इंग्रजी ‘कप’ मधल्या स्वरासारखा राहतो आणि लिहिताना ‘यू’ हे अक्षर घेतो : चटणी, बंगला, जंगल, पक्का या सर्वांची हीच वाट आहे. त्या न्यायाने ‘तप’ चे ‘टप’ व्हावयास हवे होते. ‘टॅप’ झाले, याचा अर्थ शिपायाच्या कानावर दीर्घ स्वर पडला असावा; आणि त्याच वाक्प्रचारात ‘ला’ चे ‘लॅ’ झालेले आपण पाहिलेच आहे. दीर्घ ‘आ’ ची इंग्रजीतील गती नेहमी एकसारखी नसते हे मान्य केले पाहिजे; ‘पागल’ चे ‘पगल’ व ‘पॉगल’ असे दोन्ही झाले. तरीही ऱ्हस्व स्वराचा नियम पुष्कळच स्थिर असल्यामुळे ‘ताप’ हे रूप अधिक संभवनीय वाटते.

एक गोष्ट आणखी. हिंदुस्थानीच्या रोजच्या बोलण्यात ज्वराला ‘बुखार’ म्हणतात. नाशिक प्रांतात मात्र भिस्ती, धोबी, खानसामा, बाजारातला वाणी, ज्या कोणाशी शिपायाची गाठ पडे तो अंग तापले म्हणजे ‘ताप आला’ असेच म्हणणार. तेव्हा या शब्दाच्या जन्मात मराठीचा हात असणे मुळीच अशक्य नाही. मराठी ‘ताप’ चा दुसरा अर्थही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. डोक्याला ताप, जिवाला ताप, असे आपण म्हणतो तेव्हा ज्वर अभिप्रेत नसतो. त्रास, कटकट, मन पोळणे अभिप्रेत असते. शिपायाला ही छटा कळली होती असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. पण शब्द त्याच्या हाती आला तो दोन्ही अर्थ घेऊन आला होता. उलट इंग्लंडात गेल्यावर ‘टॅप’ ऐकणाऱ्याला डोक्यात बसलेली टिचकी आठवू लागली असल्यास नवल नाही, कारण इंग्रजीत त्या ध्वनीचा अर्थ तोच आहे.

आता छावणी. देवळालीचा सैनिकी तळ १८६१ मधला. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेची संख्या वाढविण्यात आली आणि ती टिकविणे ही मोठी डोकेदुखी ठरली. फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने १८६३ मध्ये जो अहवाल दिला त्यात गोऱ्या शिपायांचे वार्षिक मृत्युमान हजारी ६९ दाखविलेले आहे. लढाईपेक्षा पटकी, हगवण, हिवताप आणि यकृताचे विकार यांनीच माणसे अधिक जात. मुंबई बंदरात उतरलेली किंवा बंदरातून निघावयाची पलटण शहराच्या दाटीत ठेवणे धोक्याचे होते. थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाल्यावर मुंबईहून सुमारे १८० किलोमीटरांवरची देवळाली आगगाडीने बंदराशी जोडली गेली. घाटमाथ्याची कोरडी हवा, मोकळे माळरान, बंदराशी थेट गाडी, एवढे सारे एकत्र असणारी जागा सैन्याला हवी होतीच. विलायतेहून आलेले नवे शिपाई येथून ठिकठिकाणच्या पलटणींकडे जात. मुदत संपलेले शिपाई देशभरातून येथे गोळा होऊन जहाजाची वाट पाहत.

जहाजे मात्र बारा महिने नव्हती. १८६६-६७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानच्या वाहतुकीसाठी क्रोकोडाइल, युफ्रेटीस, जमना, मलबार आणि सेरापीस अशी पाच खास जहाजे बांधविली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाल्यावर ती पोर्टस्मथ ते मुंबई अशी थेट फेरी करू लागली. १८९० नंतरच्या दशकात ती मोडीत निघून भाड्याची जहाजे आली. जहाजे बदलली तरी वेळापत्रक तेच राहिले. अरबी समुद्रावरचा पावसाळा आणि तांबड्या समुद्रातला उन्हाळा टाळण्यासाठी सैन्याची ने-आण हिवाळी मोसमात होई आणि मार्चच्या सुमारास ती बंद पडे. आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच होता. पण ज्याची मुदत वसंतात, शेवटचे जहाज सुटल्यावर संपली, त्याने काय करावे? त्याने पुढच्या मोसमापर्यंत थांबावे.

असे थांबणारे शिपाई पूर्वी थोडे असत. १८४७ पर्यंत ब्रिटिश शिपाई जवळजवळ जन्माचा भरती होई. त्यानंतर मुदतीची नोकरी आली. आणि कार्डवेल या युद्धमंत्र्याच्या १८७० च्या कायद्याने बारा वर्षांच्या करारातील काही वर्षेच प्रत्यक्ष पलटणीत व उरलेली राखीव दलात अशी अल्पमुदतीची पद्धत सुरू झाली. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या कायद्याची स्तुती असते. तिच्यात वावगे काही नाही, परंतु हिंदुस्थानातील एक परिणाम त्या पुस्तकांत येत नाही. दर वर्षी मुदत संपलेल्या माणसांची एक मोठी तुकडी निर्माण होऊ लागली. ही माणसे सैनिक राहिली नव्हती आणि नागरिकही झाली नव्हती. करार संपला, पण सैन्याचा कायदा सुटला नाही. पलटण सुटली, पण घर दिसले नाही.

या अवस्थेचे सर्वांत विश्वसनीय वर्णन फ्रँक रिचर्ड्‌स याच्या १९३६ मधील ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आत्मकथनात सापडते. रिचर्ड्‌स हा वेल्समधील कोळशाच्या खाणीच्या मुलखातला. रॉयल वेल्श फ्युझिलियर्स या पलटणीचा साधा शिपाई म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानात व ब्रह्मदेशात होता. अधिकाऱ्यांच्या आठवणींनी ग्रंथालयांच्या मांडण्या भरलेल्या आहेत. शिपायाच्या हातचे लिखाण दुर्मिळ, म्हणून याचे मोल. हे पुस्तक सिद्ध करण्यास कवी रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज याचे साहाय्य झाले होते ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये, पण अनुभव शिपायाचाच आहे. देवळालीत थांबलेल्या माणसांपाशी शस्त्रे नसत, कवाईत जवळजवळ नसे. मधून मधून सामानाची तपासणी आणि एखादी दौड एवढेच काम. दिवस खायला उठे. वर्षानुवर्षे ज्यांच्या नावावर एक काळा शेरा नव्हता अशी माणसे येथे गुन्हे करून बसत आणि घरी जाण्याऐवजी आधी तुरुंगात जात. काही गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडत. विक्षिप्त वागणाऱ्याला डूलॅली टॅप जडला असे म्हणण्याची रीत या छावणीतील कंटाळ्यातून निघाली असावी, असे रिचर्ड्‌स म्हणतो. तो हे निश्चयाने सांगत नाही, आपला तर्क म्हणून सांगतो. त्याचा हा संयम पुढच्या पुष्कळ लेखकांनी पाळलेला नाही.

इस्पितळाच्या कल्पनेला आधार देणारी एक प्रवृत्ती आपल्याही परिचयाची आहे. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा आहे का पाहा’ असे म्हटले की अधिक सांगावे लागत नाही, कारण त्या गावी मनोरुग्णालये आहेत. इंग्रजीतील ‘बेडलॅम’ हा शब्दही लंडनच्या बेथलेम इस्पितळावरूनच झाला. त्यामुळे देवळालीचे नाव वेडाशी जोडलेले दिसताच तेथेही असेच काही असणार, असे मन आपोआप धरते. पण ही प्रवृत्ती फसवी आहे. वेडसर या अर्थी इंग्रजीत ‘बार्मी’ हा शब्द आहे. केंट परगण्यातील बार्मिंग येथे वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून तो त्यावरून निघाला असे अनेक जण सांगतात. वस्तुतः तो ‘बार्म’ म्हणजे आंबवणीचा फेस, यावरून आलेला जुना शब्द आहे, इस्पितळ नंतरचे.

शिवाय जे शिपाई खरोखरच मनोरुग्ण होत त्यांची वाट सरकारने आखून दिलेली होती. हिंदुस्थानातील गोऱ्या वेड्यांना शक्य तो मायदेशी परत धाडावे हे धोरण कंपनी सरकारच्या काळापासूनचे. कंपनीच्या नोकरांसाठी लंडनजवळ पेंब्रोक हाउस होते. सैन्यासाठी नेटली येथील व्हिक्टोरिया इस्पितळाच्या आवारात १८७० मध्ये वेड्यांचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. राज्यकर्त्या वंशाचा मनुष्य भ्रमिष्ट अवस्थेत एतद्देशीयांच्या दृष्टीस पडू नये, ही चिंता त्या धोरणामागे होती. असे रुग्ण बंदराकडे जाताना देवळालीच्या तळावरून गेले असतील. पण तळावरून जाणे निराळे आणि तळाने रोगाला नाव देणे निराळे.

एक भाषिक प्रमाण तर अधिकच बोलके आहे. वेड्यासाठी शिपायाला शब्द हवा होता तर तो त्याच्यापाशी होताच. ‘पागल’ हा शब्द इंग्रजी रूपात यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात नोंदलेला आहे आणि शिपायांच्या बोलीत तो ‘पगल्ड’ म्हणून पुढेही चालला. मग दुसरा शब्द कशाला? भाषेत पर्यायी शब्द नुसते हौसेने येतात हे खरे. परंतु त्याच बोलीतल्या दुसऱ्या शब्दाला गावाचे नाव आणि ज्वराचे नाव दोन्ही लागले, तेव्हा त्याला काही निराळे सांगावयाचे होते असे मानणे युक्त आहे. पागल हा स्वभावाने पागल. डूलॅली टॅप हा चढतो आणि बहुधा उतरतोही. तो एका ठिकाणी होतो. ते ठिकाण सुटले की तो सुटण्याचा संभव असतो.

उन्हाच्या उपपत्तीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. देवळाली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तिची हवा आजारी माणसाला मानवते अशी ख्याती आहे. विसाव्या शतकात मुंबईच्या पारशी व गुजराती मंडळींनी तेथे आरोग्यधामे व बंगले बांधले ते याच कारणासाठी. मुलतान, जेकोबाबाद अथवा अलाहाबाद येथील उन्हाळा काढून आलेल्या शिपायाला देवळालीच्या उन्हाने वेड लागावे, हे पटत नाही. मात्र ही उपपत्ती टिकून का राहिली ते समजण्यासारखे आहे. हिंदुस्थानच्या हवेला दोष दिला की जहाजांच्या मोसमाविषयी आणि पगारी माणसाला कोंडून ठेवणाऱ्या नियमांविषयी कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

किप्लिंगची एक कथा येथे साक्षीला घेता येते. ‘प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स’ या १८८८ च्या संग्रहात ऑर्थरिस नावाच्या लंडनच्या शिपायाच्या वेडाची कथा आहे. त्याला ज्वर नाही, कोणताही रोग नाही. लंडनची आठवण अनावर होऊन तो पळून जाण्यास निघतो आणि काही तासांत भानावर येतो. किप्लिंगने कथेच्या नावात ‘वेड’ हाच शब्द वापरला आहे. स्वित्झर्लंडच्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्येच घरच्या ओढीला रोग मानून ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव घडविले होते आणि सैनिकी वैद्यांनी ते पुढे दीर्घकाळ वापरले. म्हणजे अवस्था ठाऊक होती, विद्वानांपाशी तिला ग्रीक नाव होते. शिपायाने आपले नाव आगगाडीच्या स्थानकावरून आणि बाजारातल्या बोलीवरून घेतले.

हा शब्द छापील इंग्रजीत उशिरा आला. फ्रेझर व गिबन्स यांच्या सैनिक-खलाशांच्या शब्दकोशात १९२५ मध्ये तो जुन्या फौजेचा शब्द म्हणून दिला आहे. कारण उघड आहे. १९१४ पूर्वीची ब्रिटिश फौज हा समाजाच्या कडेला राहणारा वर्ग होता. त्याची बोली बराकीबाहेर ऐकू येत नसे. महायुद्धात लक्षावधी कारकून, शिक्षक, गिरणी-कामगार सैन्यात आले आणि जुन्या शिपायांकडून त्यांनी विलायतीचे ‘ब्लायटी’, खुशीचे ‘कुशी’, बक्षिसाचे ‘बक्शी’, देखोचे ‘डेको’ असे शब्द उचलले. युद्ध संपल्यावर ते घरी गेले, शब्दही गेले. डूलॅली त्यांतलाच एक. पण ज्यांनी तो घरी नेला त्यांतील बहुतेकांनी देवळाली पाहिली नव्हती. त्यामुळे ‘टॅप’ निरर्थक होऊन गळाला, नामाचे विशेषण झाले, रोगाची थट्टा झाली. नुसता ‘डूलॅली’ उरला तो त्याच्या नादामुळे. बडबडगीतात शोभणारा तो शब्द ऐकूनच खुळ्यासारखा वाटतो. आज बिघडलेल्या यंत्राला किंवा लहरी हवामानालाही तो लावतात.

देवळाली मात्र दुसऱ्या महायुद्धातही थांबण्याचीच जागा राहिली. १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा घरी जाणाऱ्यांची संख्या अफाट होती आणि जहाजे पुन्हा अपुरी. जिमी पेरी हा पुढे नाट्यलेखक झालेला तरुण तोफखान्याच्या मनोरंजन पथकात त्या वेळी देवळालीस होता. डेव्हिड क्रॉफ्टसह त्याने लिहिलेली बी.बी.सी.ची विनोदी मालिका १९७४ ते १९८१ या काळात चालली, तिचा प्रारंभीचा भाग १९४५ च्या देवळालीतच घडतो. तीत हिंदी नोकरांची जी चित्रे आहेत त्यांवर पुढे टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. आपल्या विषयापुरते एवढेच की रिकाम्या सैनिकांना गाण्या-नाटकात गुंतवून ठेवावे लागते, हे १९४५ पर्यंत सैन्याला कळले होते.

सर्वांना ते पुरले नाही. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या ड्रिग रोड येथील ब्रिटिश विमानदलाच्या माणसांनी काम बंद केले. मागणी मुख्यतः एकच होती : युद्ध संपले आहे, आम्हांस घरी पाठवा. संप कानपूरसह अनेक तळांवर पसरला. त्या माणसांत कामगार-चळवळीत तयार झालेले पुष्कळ होते. आपल्या अवस्थेला त्यांनी ताप म्हटले नाही, तक्रार म्हटले. अधिकाऱ्यांनी तिला बंड म्हटले. पुढच्याच महिन्यात मुंबई बंदरात शाही हिंदी नौदलाचा उठाव झाला. त्याची कारणे निराळी, पण ज्या धक्क्यांवरून गोरे शिपाई घरी जावयाचे त्याच बंदरात तो झाला. स्वातंत्र्यानंतर देवळालीचा तळ भारतीय सैन्याकडे आला आणि तोफखान्याचे विद्यालय तेथेच राहिले.